एकोणतीस एके एकोणतीस, बहुतेक

पेशवाईत पुण्यात पंतोजी व्हायला फारसं काही लागत नसे. एक ओसरी, एक छडी आणि दोन घरं पलीकडे ऐकू जाईल असा आवाज, एवढं जमलं की माणूस पंतोजी झाला. ओसरी स्वतःची नसली तरी चाले. मारुतीच्या देवळातली घेतली तर मारुती तक्रार करत नाही, आणि पोरांच्या गलक्यानं त्याचं डोकं उठलं तरी तो सांगणार कुणाला? त्यामुळे दर पेठेत दोन-दोन पंतोजी होते आणि त्यातला प्रत्येक जण दुसऱ्याला अडाणी समजे. हे शेवटचं पुण्यात अजून टिकून आहे.

नारायण पेठेतले दिगंबरपंत धडफळे मात्र या बाबतीत हट्टी होते. ते म्हणत, "न्हाव्याचं पोर आधी वर्षभर उपड्या वाटीवर वस्तरा फिरवतं, मग कुठे त्याच्या हाती कुणी डोकं देतं. आणि पंतोज्याला पहिल्याच दिवशी चाळीस डोकी? तीही आतून करायची?" म्हणून ज्याला पंतोजी व्हायचं असेल त्यानं आपल्या शाळेत दोन वर्षं बसावं, असा त्यांनी नेम घालून दिला होता. नुसतं येऊन-जाऊन नाही, बसावं. शिकवणं अगदी शेवटी, आणि तेही दिगंबरपंतांना वाटलं तर.

तीस वर्षांत असे एकवीस जण येऊन बसले आणि सात जण पंतोजी होऊन उठले. बाकीचे मधेच पळाले. एक जण तर गोसावी होऊन काशीकडे निघून गेला. "त्याचा दोष शाळेकडे येत नाही," असं दिगंबरपंत म्हणत. "येतो," असं आतून त्यांच्या पत्नी मुक्ताबाई म्हणत. पण जे सात निघाले ते असे निघाले, की हडपसरचा किंवा वारज्याचा पाटील गावासाठी पंतोजी ठेवताना त्याला गाव-गोत विचारायच्या आधी विचारी, "धडफळ्यांकडं बसलाय का?"

शके सतराशे सातच्या दसऱ्याला तिथे जो बसायला आला, त्याचं नाव श्रीनिवास खांबेटे.

श्रीनिवासचं वय बावीस. अंगानं बारीक आणि उंच. ओसरीवर चढताना त्याचं डोकं वळचणीला लागे आणि लागलं की तो वळचणीला "माफ करा" म्हणे. त्याआधी नऊ वर्षं तो एका शास्त्रीबुवांकडे न्यायशास्त्र शिकत होता. न्यायातला पहिलाच धडा असा, की डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे विस्तव आहे. बाकीचे शिष्य हा धडा एका दिवसात संपवून पुढे गेले. श्रीनिवासनं विचारलं, "धूर कशावरून? धुकं असेल." शास्त्रीबुवांना गहिवरून आलं. म्हणाले, असा शिष्य शंभरात एक. नऊ वर्षांनी श्रीनिवास त्याच डोंगरावर उभा होता, आणि शंभरात एकच असतो हे किती बरं, असं शास्त्रीबुवांना वाटू लागलं होतं. त्यांनी मोठ्या प्रेमानं त्याच्या हातावर नारळ ठेवला.

नऊ वर्षांतून श्रीनिवास दोन गोष्टी घेऊन बाहेर पडला. एक तो नारळ आणि दुसरा एक शब्द. शब्द होता "बहुतेक". आईनं वाढताना विचारावं, "पोट भरलं का रे?" तो म्हणे, "बहुतेक." काकांनी विचारावं, "बाहेर ऊन आहे का?" अंगणातून घाम पुसत आत येत तो म्हणे, "बहुतेक." पुण्यात हे वागणं म्हणजे जवळजवळ गुन्हाच. ज्या गावात माणूस ठाऊक असलेल्या गोष्टीपेक्षा ठाऊक नसलेली गोष्ट जास्त ठासून सांगतो, तिथे स्वतःच्या पोटाबद्दलही खात्री नसलेला हा मुलगा बघून लोकांना त्याची काळजी वाटे.

वडील लहानपणीच गेलेले. आई आणि तो, दोघं काकांच्या घरी मागच्या एका खोलीत राहत. काका वाईट नव्हते, पण "बस रे तिथे" असं म्हणायची त्यांना सवय होती. शास्त्रीबुवाही तेच म्हणत. आता दिगंबरपंतांकडे तर बसण्यासाठीच जायचं होतं. श्रीनिवासच्या मनात एकच होतं: जगात कुठेतरी एक जागा अशी असावी, जिथे आपण इतरांना "बसा" म्हणू. आणि तशी एक जागा दिसतही होती. कोथरूडचे गेनबा पाटील गावात शाळा काढणार होते. राहायला घर, पुढे अंगण, मागे विहीर.

"दोन वर्षं टिकलास तर तुझं नाव सांगेन," दिगंबरपंत म्हणाले.

श्रीनिवासच्या आईनं त्याच संध्याकाळी, अंगण न पाहताच, त्यात तुळस कुठे लावायची ते ठरवून टाकलं.

पहिले सहा महिने तोंड उघडायचं नाही, असा दिगंबरपंतांचा नियम होता. मुलांच्या रांगेत बसायचं, लाकडी पाटीवर धूळ पसरायची आणि बोटानं ओनामा गिरवायचा. जागाही ठरवून दिली, सहा वर्षांच्या त्रिंबकच्या शेजारी. श्रीनिवासचे गुडघे पुढच्या रांगेतल्या पोराच्या पाठीत जात. रांगेत एवढा मोठा माणूस मिळाल्यामुळे शाळेत अपूर्व आनंद पसरला. पेठेतले लोक कामाला जाताना वाट वाकडी करून ओसरीपुढून जाऊ लागले.

"खांबेट्यांचा श्रीनिवास ना हो तो?"

"तोच. ओनामा गिरवतोय."

"अरेरे! नऊ वर्षं न्याय शिकला आणि शेवटी अन्याय झाला पोरावर!"

श्रीनिवास मान खाली घालून गिरवत राही. पण हळूहळू त्याच्या लक्षात यायला लागलं की खालून शाळा वेगळीच दिसते. पंतोजींच्या चौरंगावरून दिसतात चाळीस चेहरे. रांगेतून दिसते एकच मान, तीही मागून. कोपऱ्यातलं पोर "ळ" चुकवतं ते मठ्ठ म्हणून नव्हे, तर सकाळी तिथे कौलातून उन्हाचा कवडसा नेमका डोळ्यांवर येतो म्हणून. आणि पंतोजी बोलत असताना मुलं पंतोजींच्या तोंडाकडे पाहतच नाहीत. ती त्यांच्या पायाकडे पाहतात. हे गूढ त्रिंबकनं तिसऱ्या दिवशी त्याच्या कानात उलगडलं.

"डावा अंगठा बघा. तो हलायला लागला की छडी उठते. मग खाली बघायचं."

तीस वर्षं पेठेतल्या प्रत्येक पोराला हे ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते एकट्या दिगंबरपंतांना. नऊ वर्षांच्या न्यायात श्रीनिवासला इतकं स्वच्छ प्रत्यक्ष प्रमाण कधी मिळालं नव्हतं.

पुढचं वर्ष हातांचं. सकाळी धूळ चाळायची, मोठ्या मुलांना बोरू तासून द्यायचे आणि लहानांचा हात धरून गिरवून घ्यायचं. अक्षर गिरवून घेताना एक क्षण असा येतो की पोराचा हात आपल्या मुठीत असतो, आणि एकाएकी तो आपल्यापुढे पळायला लागतो. आपण नुसते त्याच्याबरोबर ओढले जातो. त्रिंबकचा हात असा पळाला तो "क" काढताना. वरचा गोल, खालचा गोल, आणि मग गडी सुटला तो पाटीच्या कडेवरून थेट श्रीनिवासच्या मांडीवर. मांडीवर धुळीचं शेपूट उमटलं. श्रीनिवास त्या दिवशी जेवायलाच विसरला.

"काय झालं रे?" आईनं विचारलं.

"त्रिंबकला बहुतेक 'क' आला."

"बहुतेक?"

श्रीनिवासनं जरा विचार केला. धोतरावरची धूळ अजून तशीच होती. "आला," तो म्हणाला.

त्या दिवशी त्याला कळलं की कोथरूडची शाळा आपल्याला केवळ अंगणासाठी नको आहे.

शेवटच्या सहा महिन्यांत त्याला दुपारचे पाढे मिळाले. पंतोजी शेजारी बसून ऐकत, तो घाबरून कमीत कमी बोले आणि सगळं सुरळीत चाले. अशात दुसऱ्या वर्षीच्या श्रावणात सासवडहून निरोप आला की दिगंबरपंतांच्या थोरल्या भावाचा पाय मोडला. पंत निघाले. जाताना म्हणाले, "अठ्ठाविसापर्यंत झालंय. एकोणतिसाचा पाढा तू दे. अकरा दिवसांत येतो."

अकरा दिवस! ओसरी, चौरंग, चाळीस पोरं आणि श्रीनिवास. दुसऱ्याच दिवशी त्याची भीती गेली आणि तो मोकळा झाला. तिसऱ्या दिवशी तर तो चौरंगावर मांडी घालून असा बोलायला लागला की मुक्ताबाई आतून म्हणाल्या, "गोसावी व्हायचा नाही हा." त्यानं एकोणतिसाचा पाढा दिला. तो एक ओळ म्हणे, मुलं ती जशीच्या तशी परत म्हणत. अकराव्या दिवशी पाढा असा पाठ झाला की मुलं तो झोपेतही म्हणाली असती.

दिगंबरपंत सासवडहून परतले ते दिवेलागणीला. पेठेत घरोघर मुलं परवचा म्हणत होती. देवापुढे बसून शुभंकरोती, मग पाढे. पंतांना हा आवाज म्हणजे शेतकऱ्याला डोलणारं पीक. ते सुखानं चालत होते. पहिल्या घरातून आवाज आला:

"एकोणतीस एके एकोणतीस, बहुतेक.
एकोणतीस दुणे अठ्ठावन्न, बहुतेक."

पंत थबकले. प्रवासानं कान बसले असतील, असं म्हणून पुढे गेले. दुसऱ्या घरातून:

"एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी, बहुतेक!"

समोरच्या माडीवरून दोन भाऊ एका सुरात: "एकोणतीस साते दोनशे तीन, बहुतेक!"

सगळी नारायण पेठ एकोणतिसाबद्दल साशंक झाली होती.

दिगंबरपंत घरी पोचतात तो ओसरीवर आप्पासाहेब बसलेले. हे त्रिंबकचे आजोबा. चाळीस वर्षं सरकारी फडात कारकुनी केलेला माणूस. शब्द मोजून वापरायचा आणि तेही टोचणारे.

"या पंतोजी. सासवडला सगळं ठीक?"

"ठीक आहे."

"नक्की? की बहुतेक?"

दिगंबरपंतांनी पागोटं काढून खुंटीला लावलं.

"नाही, विचारून ठेवलं," आप्पासाहेब म्हणाले. "आमचा नातू म्हणतो, एकोणतीस एके एकोणतीस, बहुतेक. मी म्हटलं, बाळ, एकदा मोजून तरी बघ. तो म्हणाला, पंतोजींनी असंच दिलंय. आता मला सांगा, एकोणतीस एकेलाच ही स्थिती, तर नवे आणि दाहेला आम्ही काय धरून बसायचं? देव पाण्यात ठेवू का?"

आप्पासाहेब गेले. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर दिगंबरपंतांनी श्रीनिवासला समोर बसवलं.

"श्रीनिवास, एकोणतिसाचा पाढा पुरा दिलास?"

"दिला. पोरांना पाठही झालाय, बहुतेक."

"हेच ते."

"कोणतं?"

"आत्ता म्हणालास ते."

"काय म्हणालो?"

श्रीनिवासला खरोखरच ठाऊक नव्हतं. माणसाला स्वतःचं घोरणं ऐकू येत नाही, तसा त्याला तो शब्द ऐकूच येत नव्हता. पंतांनी त्रिंबकला हाक मारली आणि पाढा म्हणायला सांगितला. त्रिंबकनं हात जोडून, डोळे मिटून, पहिल्यापासून दाहेपर्यंत पाढा म्हटला. दहा ओळी, दहा बहुतेक. तेही श्रीनिवासच्याच आवाजात, शेवटी भुवया किंचित वर करून. श्रीनिवासचे कान लाल झाले.

"मी... असा बोलतो?"

"अरे, तू असाच बोलतोस. मोठ्या माणसांत चालून जातं, ती कुणाचं ऐकतात? पण इथे तू जे बोलशील ते चाळीस तोंडांतून चाळीस घरी जातं. खोकलास तर खोकल्यासकट जाईल." दिगंबरपंत रागावले नव्हते. त्यांचा अंगठासुद्धा स्वस्थ होता. "शंका वाईट नव्हे रे. पण पाढ्यात ती नको. जोड्यांबरोबर बाहेर काढून ठेवत जा. घरी जाताना हवी तर घाल."

"मग आता?"

"तू घातलास, तू काढ. गेनबा पाटील घट बसल्यावर येणार आहेत, पोरांचे पाढे ऐकायला. मी तुझं नाव सांगितलंय. त्यांच्यापुढे एकोणतिसा असा निघाला, तर कोथरूड विसर. मी त्यांना कोणत्या तोंडानं सांगू, की हा पंतोजी घ्या, बहुतेक बरा आहे?"

भाद्रपद लागत होता. गणपती, पितृपक्ष, सुट्ट्या वजा जाता हातात जेमतेम तीन आठवडे.

श्रीनिवासनं दुसऱ्या दिवशी मुलांना सांगितलं, "पाढ्यात 'बहुतेक' म्हणायचं नाही." एवढं सांगायचा अवकाश, ज्यांचं त्या शब्दाकडे लक्षही नव्हतं त्यांचंही गेलं. आता तो शब्द येण्याच्या आधीच रांगेतून खसखस सुरू होई आणि आला की असा जोरात येई की पलीकडच्या गोठ्यातली म्हैस हंबरे. मग त्यानं तो शब्द जीभ चावून गिळायला सांगितला. तर पाढाच बसला. "एकोणतीस एके एकोणतीस" म्हणून पोरं अशी थांबत जशी पायरी आहे समजून पाऊल टाकावं आणि पायरी नसावी. पुढची ओळ कुणालाच आठवेना. छडी उचलून बघितली, पण श्रीनिवासच्या हातात छडी बघून पोरांना त्याचीच दया आली. त्रिंबक म्हणाला, "पंतोजी, लागेल तुम्हाला."

आठ दिवस वाया गेले. घरी आई तुळशीचं रोप कुंडीत वाढवत होती. तिला काही सांगण्याची श्रीनिवासला हिंमत होईना.

नवव्या दिवशी काहीच सुचेना म्हणून तो चौरंगावरून उतरला आणि त्रिंबकच्या शेजारी आपल्या जुन्या जागी जाऊन बसला. "म्हणा," म्हणाला. मुलं म्हणू लागली. आणि खालून त्याला दिसलं. पाढा म्हणताना सगळी रांग झुलत होती. "एकोणतीस एके" म्हणताना पुढे, "एकोणतीस" म्हणताना मागे, आणि "बहुतेक" म्हणताना पुन्हा मधे. तो शब्द म्हणजे पाढ्याची पायरीच होऊन बसली होती. नुसता काढून भागणार नव्हतं, तिथे दुसरं काहीतरी ठेवायला हवं होतं.

"त्या जागी टाळी वाजवा," तो म्हणाला.

"एकोणतीस एके एकोणतीस," आणि चाळीस टाळ्या. "एकोणतीस दुणे अठ्ठावन्न," आणि चाळीस टाळ्या. पाढा घोड्यासारखा पळाला. एकदाही अडखळला नाही!

"आणि आणखी एक," श्रीनिवास उठून उभा राहिला. "मी दिवसभरात कधीही तो शब्द म्हटला, तरीसुद्धा टाळी वाजवायची. सगळ्यांनी. मला तो ऐकू येत नाही. तुम्ही ऐकवा."

पंतोज्याला पकडायचा परवाना! मुलांचे डोळे चमकले. पुढचं वाक्य श्रीनिवास बोलला ते असं: "आजची धूळ बहुतेक जरा ओलसर—"

टाळ्यांचा कडकडाट झाला.

"अरे, पण बहुतेक—"

पुन्हा कडकडाट. मुक्ताबाई पळीसकट बाहेर आल्या.

"आरती कसली चालली आहे? प्रसाद तरी सांगायचा होतात."

त्या दिवशी श्रीनिवासला एकतीस टाळ्या मिळाल्या. दुसऱ्या दिवशी सव्वीस. पक्ष संपेपर्यंत दिवसाला दोन-तीनवर आला. शब्द ओठांशी आला की त्याला आधी टाळी ऐकू येई आणि तो मधेच थांबून विचार करी, की मला खरंच ठाऊक आहे की नाही? ठाऊक असलं तर सरळ सांगून टाकी. नसलं तर म्हणे, "मला ठाऊक नाही, उद्या विचारून सांगतो." पुण्याच्या इतिहासात हे वाक्य त्याआधी फारसं ऐकू आलं नव्हतं. मुलांना ते इतकं आवडलं की ती मुद्दाम अवघड प्रश्न घेऊन येऊ लागली.

इकडे पाढ्यातली टाळीही त्यानं हळूहळू बारीक केली. आधी पूर्ण हाताची, मग दोन बोटांची, मग नुसती मांडीवर एक टिचकी, मग नुसती मान. शेवटी मानही राहिली नाही. एवढीशी जागा उरली, एका श्वासाची. दिगंबरपंत कोपऱ्यात बसून हे सगळं बघत होते. मुक्ताबाईंना रात्री जेवताना म्हणाले, "तीस वर्षांत हे मला सुचलं नसतं." त्या म्हणाल्या, "माहीत आहे."

घट बसल्याच्या तिसऱ्या दिवशी गेनबा पाटील आले. रुंद खांद्याचे, पांढऱ्या मिशीचे. बरोबर त्यांची म्हातारी आई, सोजरबाई. पाटील ओसरीवर टेकले. सोजरबाई खांबाला पाठ लावून बसल्या आणि सगळ्या पोरांना एकदा डोळ्यांखालून घातलं.

"म्हणा रे, एकोणतिसा," दिगंबरपंत म्हणाले. त्यांचा डावा अंगठा हलत होता. चाळीस पोरांनी ते पाहिलं. पण आज तो छडीसाठी हलत नव्हता, हेही त्यांना कळलं.

पाढा सुरू झाला. एके, दुणे, त्रिक. प्रत्येक ओळीच्या शेवटी तो एक श्वास येई आणि श्रीनिवासचा श्वास अडके. साते गेलं. आठे गेलं. "एकोणतीस नवे दोनशे एकसष्ट. एकोणतीस दाहे दोनशे नव्वद." संपला. स्वच्छ! दिगंबरपंतांनी उपरण्यानं कपाळ पुसलं.

गेनबा पाटलांनी जांभई दिली.

"ब्येस. पन पंतोजी, ह्ये पाडं आमाला काय कळत न्हाईत. म्या इचारतो त्ये सांगा." ते श्रीनिवासकडे वळले. "माजं पोरगं हाय, जयसिंग. धा वर्सांचं. दिसभर गुरांमागं डोंगरावं असतंय. हितं कुनी इचारलं की समदे पंतोजी म्हनत्यात, दोन वर्सांत मोडी वाचाया लावतो. कालच येक जन म्हनला, सा म्हयन्यांत! तुमी सांगा. वाचल का माजं पोरगं?"

मुलाला कधी पाहिलं नाही, त्याचा हात कधी धरला नाही. खरं उत्तर एकच होतं आणि ते श्रीनिवासच्या ओठांवर आलं.

"ब—"

चाळीस जोडी हात सज्ज झाले. त्रिंबकचे तर छातीपर्यंत वर आले. दिगंबरपंतांनी डोळे मिटले.

"बसतो," श्रीनिवास म्हणाला.

"आँ?"

"आधी महिनाभर त्याच्याशेजारी बसतो. मला आज ठाऊक नाही. कुणालाच असणार नाही. त्याच्या रांगेत बसून बघितलं की कळेल, तो कुठे अडतो ते. मग तुम्हाला येऊन सांगेन, वाचेल की नाही, आणि कधी."

हात हळूहळू खाली गेले. पाटलांनी मिशीवरून हात फिरवला.

"म्हंजी पंतोजी पोरांत बसनार? मंग शिकीवनार कोन?"

"तिथूनच."

पाटील विचारात पडले. गावानं पंतोजी आणायचा आणि तो पोरांत जाऊन बसायचा, म्हणजे भावकीत हसं व्हायचं. तेवढ्यात खांबाशी बसलेल्या सोजरबाई बोलल्या.

"का रं गेनबा? नवं खोंड औताला धरतूस तवा काय करतूस?"

"जुन्या बैलाच्या शेजारी जुपतो."

"म्होरं का उबा करत न्हाईस बैल?"

पाटलांनी मान खाजवली.

"मंग? सा म्हयन्यांवाला सोड. ह्यो चांगला हाय. उंच बी हाय, पाऊस आला तर कौलं शेकारंल."

असं श्रीनिवासचं ठरलं. दिगंबरपंतांनी डोळे उघडले आणि मुलांना सांगितलं, "सुटली शाळा," तर एकही पोर उठेना. मग त्रिंबकनं टाळी वाजवली. कशासाठी ते त्यालाही सांगता आलं नसतं. पण त्याच्यामागून सगळ्यांनी वाजवली आणि आतून मुक्ताबाईंचीही ऐकू आली.

दसऱ्याला लोक सीमोल्लंघनाला जातात, तसे खांबेटे मायलेक गेले. फरक एवढाच की ते परत आले नाहीत. श्रीनिवासच्या डोक्यावर पाट्यांचा गठ्ठा, आईच्या हातात तुळशीची कुंडी. लकडी पूल ओलांडला, शेतातून पायवाटेनं कोथरूड गाठलं. अंगण आईच्या मनातल्यापेक्षा लहान निघालं. तिनं तुळस मधोमध लावली आणि म्हणाली, "पुरे आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मारुतीच्या ओसरीवर चौदा पोरं जमली. पाटलांनी स्वतः उभं राहून चौरंग मांडून दिला होता आणि त्यावर घोंगडी घातली होती. श्रीनिवासनं चौरंगाला नमस्कार केला, मुलांना म्हणाला, "बसा." मुलं बसली. मग तो रांगेच्या टोकाला गेला. तिथे एक उन्हानं रापलेलं पोर आपली पाटी उलटी धरून डोंगराकडे बघत बसलं होतं.

"सरक जरा," श्रीनिवास म्हणाला.

जयसिंगनं त्याला खालून वरपर्यंत पाहिलं. शेजारच्या पोराला कोपरानं ढोसून म्हणाला, "ह्यो बी नवाच हाय." मग वीतभर सरकला. श्रीनिवास मांडी घालून बसला. त्याच्या गुडघ्याकडे संशयानं बघत जयसिंगनं दोघांच्या मधे जमिनीवरच्या धुळीत बोटानं एक रेघ ओढली.

"ह्येच्या अल्याड यायचं न्हाई."

श्रीनिवासनं मान हलवली आणि त्या रेघेकडे पाहत राहिला. एका दमात ओढलेली होती. कुठे थरथर नाही, मधे बोट उचललेलं नाही, शेवटी टोक बारीक करून थांबवलेलं.

त्यानं गुडघा मागे घेतला आणि आपल्या पाटीवर धूळ पसरायला लागला.